मॅट्रिक्स सोडवताना दुसऱ्या फेरीत सगळीकडे नॅन, आणि प्रोग्राम म्हणतो उत्तर मिळालं

तोफखाना_१९
इंदूरच्या एका वॉर्डाच्या पाणीवितरणाचं मॉडेल पायथनमध्ये लिहिते आहे. जलूदहून आलेलं नर्मदेचं पाणी वॉर्डाच्या टाकीत पडलं, की तिथून पुढचंच बघायचं. १ उंच टाकी, २१४ नोड (पाइप जुळतात ते बिंदू), २६१ पाइप. त्यांतल्या ४ पाइपांचे व्हॉल्व्ह बंद, म्हणून ते वगळून २५७. पद्धत टोडिनी-पिलाटींची, म्हणजे इपानेट या पाणीजाळ्यांच्या सॉफ्टवेअरच्या पोटात आहे तीच. प्रत्येक फेरीत २१४ × २१४ ची विरळ (बहुतेक खण शून्य असलेली) मॅट्रिक्स बनते, सायपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतल्या एसपीसॉल्व्हनं ती सोडवून नोडांची हेड (जमिनीची उंची अधिक दाब, मीटरमध्ये) काढते आणि त्यावरून पाइपांचे प्रवाह सुधारते. हेडची घट हेझन-विल्यम्सनं: आर × क्यू^१.८५२, आर म्हणजे पाइपचा रोध, क्यू म्हणजे प्रवाह.

पहिल्या फेरीत आकडे येतात. दुसऱ्या फेरीत २१४ च्या २१४ नॅन (नॉट अ नंबर, म्हणजे 'ही संख्याच नाही'). वर प्रोग्राम छापतो "२ फेऱ्यांत अभिसरण झाले". मॅट्रिक्स छापून पाहिली तर शून्य नसलेल्या खणांपैकी निम्म्यांत नॅन. कुठून शोधायला सुरुवात करू?

निळी_शाई
मॅट्रिक्स छापून बघण्याचा उपयोग नाही, तोवर नॅन पसरलेलं असतं. ते जन्मलं कुठे ते पकडायचं. आधी एवढं सांगा:

१. पहिल्या फेरीनंतर हेडच्या यादीत सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान आकडा कोणता? नॅन नसलं तरी बघा.
२. पहिल्या फेरीनंतर किती पाइपांचे प्रवाह ऋण आहेत?
३. वॉर्निंग आल्या असतील तर शब्दशः. पायथन एका ओळीवरची वॉर्निंग एकदाच दाखवतं, त्यामुळे लूपमध्ये ती वर कुठेतरी वाहून गेलेली असते. पुन्हा चालवून पहिल्या २० ओळी बघा.

तोपर्यंत नॅनचा नकाशा वाचायचा कसा ते सांगतो. क × ख हा गुणाकार असेल आणि क मध्ये एका खणात नॅन असेल, तर उत्तराची ती अख्खी ओळ जाते. ख मध्ये असेल तर तो अख्खा स्तंभ जातो. समीकरणं सोडवताना मात्र एक खण बिघडला तरी त्याला जोडलेलं सगळं जातं. म्हणून २१४ पैकी २१४ याचा अर्थ बिघाड सोडवण्याआधी मॅट्रिक्समध्ये शिरला, किंवा सोडवणाऱ्यानंच हात टेकले. चार-पाचच नॅन असते तर मी आधी डेटाच्या फाइलकडे बोट दाखवलं असतं.

पलासिया
एवढं कशाला? नॅन-टू-नम लावा, नॅनचा शून्य होतो. नाहीतर कर्णावर १०^-१० मिळवा, मॅट्रिक्स सुटते. भिया, डेडलाइन असते लोकांना.

रामबागकर
@पलासिया, दोन्ही इथे घातक आहेत. का ते सांगतो.

नॅन-टू-नम नॅनचा शून्य करतं हे अर्धंच झालं. अनंताच्या जागी ते १.७९७ × १०^३०८ ठेवतं. पुढच्या ओळीत त्याचा वर्ग केलात की पुन्हा अनंत, आणि दोन अनंतांची वजाबाकी झाली की पुन्हा नॅन. शिवाय नोडचा दाब शून्य दिसला तर वाचणारा समजेल की तिथे पाणी चढत नाही. नॅन निदान ओरडून तरी सांगतं.

कर्णावर १०^-१० चं म्हणाल, तर टाकीपासून तुटलेले ३ नोड धरा. प्रत्येकाची मागणी ०.०००८ घनमीटर प्रतिसेकंद. त्यांची सरासरी हेड येईल उणे ०.०००८ भागिले १०^-१०, म्हणजे उणे ८० लाख मीटर. मॅट्रिक्स सुटली खरी.

तोफखाना_१९, ही ओळ सगळ्यात वर टाका: नमपायचं (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) सेटएर, त्यात इनव्हॅलिड, डिव्हाइड आणि ओव्हर हे तिन्ही 'रेझ' वर. अंडर 'इग्नोर' वरच ठेवा, नाहीतर १०^-३२० सारख्या निरुपद्रवी आकड्यांवरही प्रोग्राम थांबेल. यानं नॅन ज्या ओळीवर जन्मतं तिथेच एरर येते.

याची मर्यादाही ध्यानात ठेवा. आयईईई ७५४ या संगणकी आकडेमोडीच्या मानकाप्रमाणे 'अवैध क्रिया' हा झेंडा नॅन निर्माण होताना वर जातो: शून्य भागिले शून्य, अनंत वजा अनंत, शून्य गुणिले अनंत, ऋण संख्येचं वर्गमूळ. आधीच असलेलं नॅन बेरजेत-गुणाकारात पुढे सरकताना झेंडा हलत नाही. म्हणजे फाइलमधूनच नॅन आलं असेल तर सेटएर गप्प बसेल. त्यासाठी फाइल वाचल्याबरोबर प्रत्येक स्तंभावर इझफाइनाइट चालवायचं. इझनॅन पुरत नाही, ते अनंत सोडून देतं.

तोफखाना_१९
सगळ्यांना धन्यवाद. माहिती अशी:

हेड: पहिल्या फेरीत २११ नोडांची ५६० ते ५८० मीटरच्या आसपास, टाकीची पातळी बघता पटण्यासारखी. उरलेल्या ३ नोडांची १०^१४ च्या घरात.
ऋण प्रवाह: २५७ पैकी ९३.
सेटएर लावल्यावर हेडची घट काढणाऱ्या ओळीवर थांबतं: घातांकात अवैध मूल्य.
सुरुवातीचे प्रवाह सगळ्या पाइपांना सारखे, ०.००५ घनमीटर प्रतिसेकंद.

रामबागकर
मग एक जन्मस्थान सापडलं. ऋण संख्येचा १.८५२ वा घात वास्तव संख्यांत नसतोच. नमपायचा ॲरे अशा वेळी नॅन देतो. गंमत अशी की साध्या पायथनमध्ये उणे ०.०१ चा १.८५२ वा घात काढलात तर संमिश्र संख्या मिळते, मॅटलॅबमध्येही तसंच, आणि तिथे अख्खी मॅट्रिक्स मुकाट्यानं संमिश्र होऊन बसते. नमपायचं नॅन त्या मानानं प्रामाणिक म्हणायचं.

प्रवाह ऋण येण्यात चूक काही नाही. पाइपची दिशा आपण कागदावर ठरवली, पाणी उलट वाहतंय, एवढाच त्याचा अर्थ. सूत्र असं लिहा:

घट = आर × क्यू × |क्यू|^०.८५२
उतार (क्यू बदलला की घट किती बदलते तो दर) = १.८५२ × आर × |क्यू|^०.८५२

चिन्ह पहिल्या क्यू मध्ये राहतं आणि घात कायम धन संख्येचा निघतो.

निळी_शाई
आणि ते ३ नोड हा दुसरा, स्वतंत्र बिघाड आहे. पहिला दुरुस्त झाला तरी हा राहील.

बंद व्हॉल्व्हचे ४ पाइप काढल्यावर तो तुकडा टाकीपासून तुटला. ज्या तुकड्यात एकाही नोडची हेड पक्की नाही, त्याच्या मॅट्रिक्सच्या प्रत्येक ओळीची बेरीज शून्य येते. सगळ्या हेडमध्ये १०० मिळवले तरी समीकरणं तशीच राहतात. मॅट्रिक्स सिंग्युलर, म्हणजे तिला एकच एक उत्तर नाही.

मग एरर का नाही आली? कारण सिंग्युलर असल्याचं यंत्राला पिव्होट (विलोपन करताना ज्या आकड्यानं भागायचं तो) नेमका शून्य आला तरच कळतं. एकटा नोड तुटला तर ओळ पूर्ण शून्य, लगेच कळेल. दोन नोड तुटले तरी वजाबाकी नेमकी शून्य होते. पण तुमच्या तुकड्यात ३ नोडांचं वेटोळं दिसतंय. तिथे भागाकाराच्या गोलाईमुळे शून्याऐवजी १०^-१७ किंवा १०^-१८ च्या घरातला कचरा उरतो. ०.००२४ ला त्यानं भागा, १०^१४ येतं. तुमचा आकडा तोच.

प्रत्येक फंक्शनचा स्वभाव वेगळा आहे, हे पाठच करून ठेवा:
नमपायचं सॉल्व्ह: नेमकी सिंग्युलर असेल तर एरर. आत नॅन दिलं तर तक्रार न करता बाहेरही नॅन.
सायपायचं दाट सॉल्व्ह: आत नॅन किंवा अनंत असेल तर आधीच एरर. जवळजवळ सिंग्युलर असेल तर वॉर्निंग, आरकॉन्डच्या (सिंग्युलरच्या किती जवळ ते सांगणाऱ्या) आकड्यासकट.
एसपीसॉल्व्ह: नेमकी सिंग्युलर असेल तर फक्त एक वॉर्निंग, आणि उत्तराची अख्खी यादी नॅननं भरून परत.

म्हणून शोध चालू असताना विरळ मॅट्रिक्स दाट करून सायपायच्या साध्या सॉल्व्हला द्या. २१४ × २१४ × ८ बाइट म्हणजे ३६६ केबी, काही जड नाही. सगळं सुरळीत झालं की परत एसपीसॉल्व्ह.

कायमचा उपाय: सायपायच्या सीएसग्राफमधलं कनेक्टेड-कंपोनंट्स सोडवण्याआधी चालवा. ज्या तुकड्यात टाकी नाही ते नोड वेगळे काढा आणि अहवालात 'पुरवठा नाही' म्हणून छापा. त्यांची हेड काढूच नका. तुमच्याकडे टाकीसकट २१५ बिंदू, म्हणजे २१२ चा एक तुकडा आणि ३ चा एक असं उत्तर यायला हवं.

दशांशचिन्ह
तिसरा खड्डा अजून आलेला नाही, पण येणार. प्रवाह शून्य झाला की उतारही शून्य, आणि या पद्धतीत मॅट्रिक्समध्ये जातो उताराचा व्यस्त. १ भागिले ० म्हणजे अनंत. कर्णावर अनंत, शेजारच्या खणात उणे अनंत, विलोपन करताना अनंत वजा अनंत, आणि नॅन.

आकड्यांत बघा. १०० मीटर लांब, १५० मिलिमीटर व्यासाचा, सी (पाइपच्या गुळगुळीतपणाचा गुणांक) = १४० असा पाइप घ्या. आर = १०.६७ × लांबी ÷ (सी^१.८५२ × व्यास^४.८७), व्यास मीटरमध्ये. आर येतो सुमारे ११६४.
क्यू = ०.०१ ला व्यस्त उतार ०.०२३ च्या आसपास.
क्यू = १०^-६ ला ६०.
क्यू = १०^-१२ ला ७८ लाख.
म्हणजे शून्याला टेकायच्या आधीच मॅट्रिक्समधल्या आकड्यांची तफावत ८ घातांपलीकडे जाते. डबल प्रिसिजनमध्ये जेमतेम १६ अंक असतात. कंडिशन नंबर (मॅट्रिक्स चुका किती पट फुगवू शकते तो आकडा) १०^१० असेल तर त्यांतले १० गेले समजायचे.

उपाय: उताराला किमान मर्यादा, उदाहरणार्थ १०^-७. उतार त्याखाली गेला की उतार = १०^-७ धरा आणि घट = १०^-७ × क्यू. दोन्ही एकदम बदला. नुसता उतार बदलून घट जुन्या सूत्रानं काढली तर त्या पाइपपुरती फंक्शन आणि डेरिव्हेटिव्ह यांची फारकत होते आणि फेऱ्या रेंगाळतात. इपानेटचं गणितही कमी उताराला असंच सरळ रेषेवर नेतं.

सुरुवातीचे प्रवाहही सगळ्यांना एकच ०.००५ नकोत. ३०० च्या पाइपला ते किरकोळ, ८० च्या पाइपला जवळपास मीटरभर वेग. प्रत्येक पाइपला ०.३ मीटर प्रतिसेकंद वेग धरून क्यू काढा. १५० ला तो ०.००५३ येतो.

तपासायला सगळ्यांत छोटं जाळं: टाकीतून दोन सारखे पाइप, टोकाला दोन नोड, दोघांची मागणी सारखी, आणि त्या दोघांना जोडणारा तिसरा पाइप. समतोलामुळे तिसऱ्यातला प्रवाह शून्याकडेच जातो. ज्या कोडला हा त्रिकोण सुटत नाही, त्याच्यावर २१४ नोड लादू नयेत.

पलासिया
ठीक आहे, नॅन-टू-नम मागे घेतो. पण "२ फेऱ्यांत अभिसरण" हे काय गौडबंगाल?

दशांशचिन्ह
लूपची अट 'चूक > सहनसीमा असेपर्यंत फिर' अशी असणार. नॅन कुठल्याही आकड्याहून मोठं, लहान किंवा त्याच्याइतकं आहे का असं विचारलं की उत्तर 'असत्य'. नॅन > ०.००१ असत्य, म्हणून लूप संपला, आणि संपला म्हणजे अभिसरण झालं असं खालच्या ओळीनं गृहीत धरलं. अट उलटी लिहा: 'चूक ≤ सहनसीमा असं नसेल तोवर फिर'. सोबत फेऱ्यांवर कमाल मर्यादा आणि प्रत्येक फेरीअखेर चूक सांत (नॅन किंवा अनंत नसलेली) आहे का याची तपासणी.

पायथनचं स्वतःचं मॅक्स वापरू नका. ते नॅन आधी आलं तर नॅन देतं, नंतर आलं तर सोडून देतं. क्रमावर उत्तर ठरणं म्हणजे कहर आहे. नमपायचं मॅक्स नॅन असेल तर नॅनच देतं, तेच हवं.

जुनी_इंदूर
धागा थोडा वाकवतो, माफी असावी. ४० मीटर-यंत्रांच्या तासागणिक नोंदींचं कॉरिलेशन मॅट्रिक्स काढलं तर एक आडवी ओळ आणि एक उभा स्तंभ नॅन येतात. यातलंच काही?

निळी_शाई
नाही, हे सोपं आहे. तो मीटर अडकलाय. सगळ्या नोंदी सारख्या, प्रमाण विचलन शून्य, शून्य भागिले शून्य. तो स्तंभ आधीच गाळा. पण 'विचलन = ० आहे का' अशी तपासणी पुरत नाही: ०.१ ही संख्या तीनदा घेऊन विचलन काढा, शून्य न येता १.३९ × १०^-१७ येतं. मग नॅन येणार नाही, वरवर खरं वाटणारं खोटं कॉरिलेशन येईल. कमाल आणि किमान नोंद सारखी आहे का, हे तपासा. ते गोलाईला बळी पडत नाही.

विचलन स्वतः 'वर्गांची सरासरी वजा सरासरीचा वर्ग' असं काढत असाल तर तेही बदला. मोठ्या आकड्यांवर ही वजाबाकी ऋण निघू शकते आणि मग वर्गमुळात नॅन. आधी सरासरी वजा करा, मग वर्ग.

तोफखाना_१९
घट आणि उताराची सूत्रं बदलली, तुकडे वेगळे केले (२१२ आणि ३ हेच आलं), किमान उतार घातला, लूपची अट उलटी केली. त्रिकोण सुटला. मुख्य जाळ्याची २११ हेड आता सांत आहेत, ८ फेऱ्यांत.

आता दाब काढताना, म्हणजे हेड वजा जमिनीची उंची, नेमके ६ नोड नॅन. हेड त्यांची बरोबर आहेत. उंची एक्सेलमधून निघालेल्या सीएसव्हीत आहे आणि तिथे त्या सहाही नोडांच्या उंच्या दिसतात.

रामबागकर
मॅट्रिक्सचा संबंध संपला, हे पांडाचं (पांडाज, पायथनची तक्ते हाताळणारी लायब्ररी) काम. पांडा वजाबाकी क्रमानं करत नाही, नावं जुळवून करतं. डावीकडे नाव आहे आणि उजवीकडे तेच नाव नाही, की नॅन, तेही वॉर्निंगशिवाय. नावांच्या शेवटी रिकामी जागा असेल, किंवा मजकूर म्हणून एकीकडे १२ आणि दुसरीकडे १२.० असेल. दोन्हीकडची नावं मजकूर करून, स्ट्रिप करून, संचांचा फरक छापा. तो रिकामा आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

नावं जुळत असतील तर आकडे बघा. टू-न्यूमेरिकला एररसाठी 'कोअर्स' दिलं असेल तर जे वाचता येत नाही त्याचं ते गुपचूप नॅन करतं: "५५२ मी", "-", "1,25,000" सारखे स्वल्पविरामवाले आकडे. 'कोअर्स' काढा, एररच तुम्हाला ओळ दाखवील. स्वल्पविरामासाठी सीएसव्ही वाचतानाच थाउजंड्सला स्वल्पविराम द्या, लाख-कोटीची आपली मांडणीही चालते.

आणि व्यासाचा स्तंभ एकदा बघून घ्या. रिकामा खण नॅन होतो ते दिसेल, पण शून्य लिहिलेला व्यास आर ला अनंत करतो. मिलिमीटर तसेच राहिले तर आर १०^१४ पटींनी चुकतो. त्यात नॅन येत नाही, म्हणून सापडायला जास्त त्रास.

शून्याखाली_शून्य
रच्याकने, कोणी हेच सी किंवा फोरट्रानमध्ये लिहीत असेल तर जीसीसीचा फास्ट-मॅथ पर्याय बंद ठेवा. त्यात 'नॅन आणि अनंत येणारच नाहीत' असं कंपायलर गृहीत धरतो आणि तुमची इझनॅनची तपासणीच उडवून टाकू शकतो. जीफोरट्रानला एफएफपीई-ट्रॅप हा पर्याय इनव्हॅलिड, झिरो, ओव्हरफ्लो यांसकट द्या, प्रोग्राम जन्माच्या ओळीवर थांबतो.

विंडोजवर जुनं नमपाय असेल तर पूर्णांकही तपासा. नमपाय २.० च्या आधी तिथे पूर्णांक डिफॉल्ट ३२ बिटांचा होता. ५०००० चा वर्ग मग उणे १,७९,४९,६७,२९६ येतो आणि वर्गमुळाला नॅन. लिनक्सवर तोच कोड सरळ चालतो, म्हणून भांडणं होतात.

तोफखाना_१९
सहाही नावांच्या शेवटी रिकामी जागा होती. स्ट्रिप केल्यावर २११ दाब सांत. प्रत्येक नोडवर येणारा प्रवाह वजा जाणारा वजा मागणी, यातली सर्वांत मोठी तफावत १०^-१२ च्या खाली. सर्वांत कमी दाब ९.४ मीटर, टाकीपासून सर्वांत लांबच्या टोकाला.

रामबागकर
समतोल उत्तम. ९.४ मात्र तपासा: केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या पाणीपुरवठा-अभियांत्रिकी संस्थेच्या जुन्या मॅन्युअलप्रमाणे एकमजली वस्तीला ७ मीटर पुरतात, दुमजलीला १२ लागतात. मागणीत पीक फॅक्टर (गर्दीच्या तासाची मागणी सरासरीच्या किती पट) धरला आहे का? त्याच मॅन्युअलमध्ये ५० हजारांखालच्या लोकसंख्येला तो ३ होता. धरला नसेल तर ९.४ हा सरासरी तासाचा आकडा आहे, सकाळचा त्याहून बराच खाली जाईल.

तोफखाना_१९
धरलेला नाही. ३ घालून चालवते आणि पाइपांच्या व्यासांसाठी वेगळा धागा काढते.